गहू बंद झाल्यावर घरचं चायनीज

शनिवार संध्याकाळ म्हणजे चायनीज, हे आमच्या घरी वर्षानुवर्षं ठरलेलं होतं. नाशिकला इंदिरानगरमध्ये आमच्या गल्लीच्या तोंडाशी गाडी लागते. तिथून फ्राइड राइस आणि मंचुरियन आणायचं आणि सगळ्यांनी मिळून खायचं. मुलगा आठवीत असताना त्याला सिलिअ‍ॅक, म्हणजे गहू खाल्ल्यानं आतड्याला इजा होणारा आजार, असल्याचं निदान झालं. पोळी, पाव, बिस्किटं, शिरा, शेवया असं सगळं एका दिवसात त्याच्या ताटातून गेलं. चायनीज तरी उरलंय असं मला वाटलं. भात, कोबी, गाजर, यात गहू कुठून येणार? तरी मी गाडीवर विचारलं, "दादा, राइसमध्ये मैदा नाही ना?" ते मनापासून म्हणाले, "नाही ताई, मैदा फक्त मंचुरियनला आणि नूडल्सला." त्या रात्री अकरा वाजता मुलाचं पोट दुखायला लागलं आणि पुढचे तीन दिवस तो शाळेत गेला नाही.

दादा खोटं बोलले नव्हते. त्यांनी भातात मैदा घातलाच नव्हता. पण सोया सॉसमध्ये गहू होता, आणि ज्या कढईत आधी नूडल्स परतल्या त्याच कढईत, त्याच झाऱ्यानं आमचा भात परतला होता. चायनीजमधला गहू डोळ्यांना दिसत नाही. तो बाटलीतून आणि भांड्यातून येतो. एवढं नीट कळलं की घरी चायनीज करणं अवघड नाही. उलट घरी तेल आणि मीठ आपल्या हातात राहतं आणि भाज्या भरपूर घालता येतात. ज्यांच्या घरी नुकताच गहू बंद झाला आहे, त्यांच्यासाठी मी हे लिहिते आहे. भाज्या परतायची सवय नसली तरी चालेल.

एक गोष्ट मात्र स्वयंपाकाच्या आधीची. कुणीतरी सांगितलं म्हणून गहू परस्पर बंद करू नका. सिलिअ‍ॅकचं निदान रक्ताच्या तपासणीवरून आणि बहुतेक वेळा दुर्बिणीतून लहान आतड्याचा तुकडा तपासून करतात. गहू आधीच सोडलेला असेल तर या तपासण्या खोट्या नॉर्मल येऊ शकतात. म्हणून आधी डॉक्टर आणि तपासणी, मग बंदी. ज्यांना गव्हाची अ‍ॅलर्जी आहे त्यांचा आजार वेगळा आहे. त्यांनी काय टाळायचं हेही डॉक्टरांकडूनच नीट समजून घ्यावं.

गहू लपतो कुठे

ग्लुटेन हे गहू, जव म्हणजे सातू, आणि राय या धान्यांतलं प्रथिन. तांदूळ, ज्वारी, बाजरी, नागली, मका, वरई यांत ते नसतं. सिलिअ‍ॅक असलेल्याच्या शरीरात ग्लुटेन गेलं की त्याची स्वतःची प्रतिकारशक्ती लहान आतड्याच्या आतल्या अस्तरावर हल्ला करते आणि अन्नातलं सत्त्व शोषलं जात नाही. त्यासाठी ताटभर पोळ्या लागत नाहीत. आपल्याकडे आणि बाहेरच्या बऱ्याच देशांतही एक किलो पदार्थात २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन असेल तर त्याला 'ग्लुटेन-फ्री' म्हणता येत नाही. यावरून चिमूटभर पिठाचंही महत्त्व लक्षात यावं. आणखी एक गैरसमज मी खूपदा ऐकते. कडकडीत तेलात किंवा मोठ्या आचेवर ग्लुटेन जळून जातं, असं लोकांना वाटतं. ते जात नाही. मैद्याचे मंचुरियन तळलेल्या तेलात बटाटा तळला तर तो बटाटाही आपल्यासाठी बाद.

आता बाटल्यांकडे वळू. पहिला मान सोया सॉसचा. नावात सोया असली तरी चिनी आणि जपानी पद्धतीच्या नेहमीच्या सोया सॉसमध्ये सोयाबीनबरोबर गहूही आंबवलेला असतो. पांढऱ्या कोबीवर दोन चमचे काळा सॉस पडला की ती भाजी आपल्या मुलासाठी संपली. ऑयस्टर सॉस आणि होयसिन सॉस दाट करायला पुष्कळदा गव्हाचं पीठ वापरतात. तयार शेजवान चटणी, चिली सॉस, सूपची पाकिटं, स्टॉकच्या वड्या, 'चायनीज मसाला' म्हणून मिळणारी पुडी, यांतलं काहीही न वाचता घरात आणू नका. व्हिनेगरमध्ये साधं सिंथेटिक पांढरं व्हिनेगर चालतं. माल्ट व्हिनेगर जवापासून करतात, ते नको. आणि 'मॉक चिकन' नावानं मिळणारे शाकाहारी तुकडे कित्येकदा निव्वळ गव्हाच्या ग्लुटेनचेच असतात, म्हणजे नको तेच आणि तेही घट्ट दाबून.

चायनीजमध्ये हिंग पडत नाही, तरी सांगतेच, कारण ज्या घरात गहू बंद झालाय तिथे हा प्रश्न रोजच्या वरणाचा आहे. बाजारातला बांधणीचा हिंग म्हणजे हिंगात पीठ आणि डिंक मिसळलेला. ते पीठ अनेकदा गव्हाचं असतं. तांदळाच्या पिठाचा हिंग मिळतो, तो शोधून घ्या. आमच्या घरी सॉसचा शोध लागून दीड महिना झाला तरी मुलाचं पोट पूर्ण ठीक होत नव्हतं. हिंगाची डबी उलटी करून वाचली तेव्हा कारण सापडलं.

लेबल वाचायची माझी पद्धत सांगते. आधी खाली 'कंटेन्स' म्हणून अ‍ॅलर्जीचा इशारा असतो तो बघायचा. गहू, जव, राय असली धान्यं पाकीटबंद पदार्थात असतील तर तसं छापणं आपल्याकडे बंधनकारक आहे. मग घटकांची पूर्ण यादी वाचायची. व्हीट, रिफाइंड व्हीट फ्लोअर, सेमोलिना, बार्ली, माल्ट, राय हे शब्द दिसले की पाकीट परत फळीवर. नुसतं 'एडिबल स्टार्च' किंवा 'हायड्रोलाइज्ड व्हेजिटेबल प्रोटीन' लिहिलं असेल आणि ते कशापासून केलं हे सांगितलं नसेल, तर मी ते घेत नाही. 'नागली नूडल्स' किंवा 'मिलेट नूडल्स' असं मोठ्या अक्षरांत लिहिलेल्या पाकिटातही मागच्या बाजूला गव्हाचं पीठ पहिल्या क्रमांकावर असू शकतं. आणि दर वेळी वाचा. मागच्या महिन्यात चाललेल्या बाटलीचा मसाला कंपनी या महिन्यात बदलू शकते.

अजिनोमोटोबद्दल मला हमखास विचारतात. त्यात ग्लुटेन नसतं. किकुनाए इकेदा या जपानी शास्त्रज्ञानं १९०८ साली कोंबू नावाच्या समुद्री शेवाळातून ही चव वेगळी काढली. तोच गुण टोमॅटोत आणि मशरूममध्येही आहे. अजिनोमोटोत सोडियम मिठाच्या मानानं साधारण एक तृतीयांश असतं. मी वापरत नाही, कारण खाली दिलेल्या मशरूमच्या रसानं माझं काम होतं. पण सिलिअ‍ॅकच्या यादीत त्याचं नाव घालायचं कारण नाही.

सॉस : विकतचा किंवा घरचा

विकतच्यात तामारी. हा जपानी सोया सॉस, त्यात पारंपरिक रीतीनं गहू नसतो किंवा अगदी थोडा असतो. 'थोडा' आपल्याला चालत नाही, म्हणून बाटलीवर 'ग्लुटेन-फ्री' छापलेलीच तामारी घ्यायची. कॉलेज रोड, गंगापूर रोड भागातल्या मोठ्या दुकानांत किंवा ऑनलाइन मिळते. महाग आहे, पण बाटली बराच काळ पुरते.

तामारी असो की साधा सोया सॉस, मीठ दोन्हीत भरपूर. एका मोठ्या चमच्यात म्हणजे १५ मिलिलिटरमध्ये साधारण ९०० मिलिग्रॅम सोडियम जातं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसभरात २००० मिलिग्रॅमच्या आत राहायला सांगते. म्हणून दोन माणसांच्या भाजीत मी तामारीचा एकच मोठा चमचा घालते आणि वरून मीठ घालत नाही. उरलेली चव आलं, लसूण, मिरी आणि व्हिनेगर आणतात.

तामारी मिळाली नाही तेव्हा मी मशरूमचा काळा रस करायला शिकले, आणि आता तामारी घरात असली तरी हाच रस जास्त वापरते. २०० ग्रॅम बटण मशरूम पातळ चिरा. कोरड्या कढईत, तेल न घालता, मध्यम आचेवर परतत राहा. आधी पाणी सुटेल, मग ते आटेल, मग मशरूम तपकिरी व्हायला लागतील. इथे घाई करू नका, दहा-बारा मिनिटं लागतात आणि सगळी चव इथेच तयार होते. मग तीन कप पाणी, ठेचलेल्या सहा लसूण पाकळ्या, आल्याचा बोटभर तुकडा आणि दीड छोटा चमचा मीठ घालून एक कप उरेपर्यंत उकळा. गाळताना चोथा चमच्यानं दाबून सगळा रस काढा. दुसऱ्या पातेल्यात एक मोठा चमचा साखर कोरडीच वितळवून गडद तपकिरी करा आणि गॅस बंद करून त्यात हा रस बेतानं ओता. तडतडून वाफ येते, म्हणून तोंड लांब ठेवा आणि मुलांना ओट्याजवळ येऊ देऊ नका. पुन्हा दोन मिनिटं उकळा, एक छोटा चमचा व्हिनेगर घाला, गार करून बाटलीत भरा. फ्रिजमध्ये आठवडाभर राहतो. हा रस सोया सॉसइतका तीव्र नसतो, म्हणून तामारीच्या एका चमच्याऐवजी याचे तीन चमचे घ्यायचे. तरी सोडियम कमीच जातं, कारण चमच्यामागे ते सोया सॉसच्या जेमतेम चौथ्या हिश्श्याचं आहे.

ओटा, कढई, गिरणी

घरात बाकीचे पोळ्या खातच असतात, म्हणून ओट्याची वेगळी काळजी लागते. लाकडी उलथनं, पोळपाट, पीठ चाळायची चाळणी, चरे पडलेला नॉनस्टिक तवा, यांच्या फटींत पीठ राहतंच. गव्हाशिवायच्या स्वयंपाकाला वेगळं स्टीलचं उलथनं, वेगळी चाळणी आणि वेगळी कढई ठेवा. कणीक मळायची वेळ आणि चायनीजची वेळ एक ठेवू नका. पीठ उडतं आणि चिरलेल्या भाजीवर बसतं. ओटा ओल्या फडक्यानं पुसा, आणि ते फडकंही वेगळं ठेवा.

कढई मी भांडी बाजारातून घेतली. लोखंडी, पातळ, बारा इंची. तिथे उभं राहून वजन हातात घेऊन बघता येतं, आणि ते बघायलाच हवं. फार जाड कढई उशिरा तापते आणि परतताना उचलवत नाही. नवी कढई साबणानं घासून तिच्यावरचं कारखान्याचं तेल काढा, गॅसवर पूर्ण कोरडी करा, मग तेलाचं बोट फिरवून धूर येईपर्यंत तापवा आणि गार करा. असं तीन-चार वेळा केलं की ती काळी होते आणि भाजी चिकटत नाही. सिलिअ‍ॅक असलेल्यांमध्ये लोहाची कमतरता पुष्कळ आढळते. लोखंडी कढईतून थोडं लोह अन्नात उतरतं, आणि सिमला मिरचीतल्या क जीवनसत्त्वामुळे भाज्यांतलं लोह अंगी लागायला मदत होते. कढईनं औषधाची जागा भरत नाही, पण रोजच्या भांड्यातून एवढं मिळत असेल तर का सोडायचं? घरातली जुनी कढई, जिच्यात वर्षानुवर्षं शंकरपाळे तळले, ती मात्र या कामाला नको.

तांदळाचं पीठ लागणार असेल तर गिरणीचा विचार करा. कोपऱ्यावरच्या गिरणीत आधी कुणाचे तरी गहू दळलेले असतात आणि ते पीठ जात्यात राहिलेलं असतं. आपला डबा त्याच्यामागून लावला की आपल्या तांदळात गहू आलाच. घरघंटी असेल आणि ती फक्त याच धान्यांना ठेवली असेल तर उत्तम. नसेल तर मी तांदूळ धुऊन, सावलीत वाळवून मिक्सरवर दळते आणि चाळते. कॉर्नफ्लोअर म्हणजे मक्याची पांढरी खळ. पिवळं मक्याचं पीठ वेगळं, त्यानं सॉस दाट आणि चकचकीत होत नाही.

बाजार आणि चिरणं

नाशिककरांना भाजीचं काय सांगायचं? गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजारात हिवाळ्यात फिरलात तर पिशवी आपोआप भरते. दोन माणसांना साधारण ४०० ग्रॅम भाजी घ्या. एक कांदा, एक गाजर, एक सिमला मिरची, पाव कोबी, मूठभर फरसबी आणि कांद्याच्या पातीची अर्धी जुडी. ब्रोकोली, बेबीकॉर्न मिळालं तर छान, नाही मिळालं तर काही अडत नाही. फ्लॉवरचे छोटे तुरे उत्तम लागतात. सोबत प्रथिनासाठी १५० ग्रॅम पनीर, टोफू किंवा चिकन, नाहीतर तीन अंडी.

भाज्या धुऊन पूर्ण कोरड्या करा. पावसाळ्यात तर धुऊन तासभर पंख्याखाली पसरून ठेवा. ओल्या भाज्या कढईत पडल्या की त्या परतल्या जात नाहीत, उकडल्या जातात. घरच्या चायनीजची 'भाजी' होते ती बहुतेक याच कारणानं.

चिरताना सगळं एका जाडीचं. गाजर आणि फरसबी तिरकी आणि पातळ, कारण त्या उशिरा शिजतात. सिमला मिरची आणि कोबी जरा रुंद. कांद्याच्या पाकळ्या सुट्या करा. पातीचा पांढरा भाग वेगळा, हिरवा वेगळा. चिकन असेल तर धाग्यांच्या आडवं, पातळ कापा आणि त्याला एक छोटा चमचा कॉर्नफ्लोअर, अर्धा चमचा तामारी आणि मिरपूड चोळून पंधरा मिनिटं ठेवा. ही चिनी स्वयंपाकातली जुनी रीत आहे, तिच्यामुळे चिकन मऊ राहतं. चिकनची पाटी आणि सुरी लगेच साबणानं धुवा.

आच

गाडीवरच्या चायनीजला जी धुरकट, खमंग चव असते ती मोठ्या भट्टीची. आपल्या घरच्या गॅसला ती आच नाही. त्यावर उपाय एकच, एका वेळी थोडंच परतायचं. चार माणसांचं करायचं असेल तर दोनदा करा. कढईत एकदम सगळं भरलं की ती गार पडते, भाज्यांना पाणी सुटतं आणि मग कितीही मोठा गॅस केला तरी ते पाणी आटेपर्यंत कोबी मऊ पडलेला असतो.

कढई ठेवण्याआधी सगळं हाताशी मांडा, अगदी फोडणीआधी मांडतो तसं. एका वाटीत सॉस कालवून ठेवा. तामारी एक मोठा चमचा (किंवा मशरूमचा रस तीन चमचे), व्हिनेगर एक छोटा चमचा, किसलेला गूळ एक छोटा चमचा, मिरपूड पाव चमचा, पाणी चार मोठे चमचे, कॉर्नफ्लोअर एक छोटा चमचा. कॉर्नफ्लोअर तळाशी बसतं, म्हणून ओतायच्या क्षणी पुन्हा ढवळायचं.

आठ पाकळ्या लसूण आणि इंचभर आलं बारीक चिरा. ठेचू नका. ठेचलेला लसूण मोठ्या आचेवर लगेच जळतो आणि कडू होतो.

आता खिडकी उघडा आणि कढई मोठ्या गॅसवर दोन-तीन मिनिटं रिकामी तापू द्या. पाण्याचा थेंब टाकला की तो नाचत उडून जायला हवा. दोन छोटे चमचे रिफाइंड शेंगदाणा तेल घाला. घाण्याचं तेल मला जेवणात फार आवडतं, पण ते लवकर धुरावतं, म्हणून इथे नको. आधी चिकन किंवा पनीर पसरा आणि मिनिटभर हलवू नका, खालून रंग येऊ द्या. मग उलटा. चिकन आतून जराही गुलाबी राहता कामा नये. हे सगळं ताटलीत काढून ठेवा.

पुन्हा दोन छोटे चमचे तेल. लसूण, आलं, पातीचा पांढरा भाग आणि हवी तर एक उभी चिरलेली हिरवी मिरची घालून पंधरा सेकंद परता. वास सुटला की कांदा, अर्धा मिनिट. गाजर आणि फरसबी, दीड मिनिट. मग सिमला मिरची आणि कोबी, आणखी दीड मिनिट. हात थांबवू नका, खालून वर आणत राहा. कडेला एखादा काळा डाग पडला तर पडू द्या, तोच खमंगपणा आहे. ब्रोकोली किंवा फ्लॉवर असेल तर आधी उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवून, गार पाण्यात काढून, कोरडा करून ठेवलेला असावा, म्हणजे तो गाजराच्या वेळी टाकता येतो.

भाज्यांचा रंग अजून उजळ आहे आणि दाताखाली कुरकुरीत आहेत, अशा वेळी चिकन किंवा पनीर परत घाला. सॉस ढवळून कढईच्या कडेनं गोल ओता, मधे नाही. तापलेल्या लोखंडावर तो चर्र होतो आणि त्याची चव बदलते. अर्ध्या मिनिटात तो दाटून भाज्यांना चकचकीत लागतो. गॅस बंद. वरून हिरवी पात आणि भाजून भरडलेले तीळ. दोघांत मिळून तेल चार छोटे चमचे झालं, आणि ताटलीच्या तळाशी तेलाचा तवंग उरत नाही.

पहिल्यांदा बहुधा काहीतरी कमी-जास्त होईल. माझा पहिला कोबी गाळ झाला होता, कारण मी चौघांचं एकदम टाकलं. दुसऱ्या वेळी जमलं.

सोबत भात, नाहीतर शेवया

इगतपुरी-घोटीकडचा इंद्रायणी आपल्याकडे घरोघरी असतो आणि लोक म्हणतात, तो चिकट, चायनीजला चालत नाही. फ्राइड राइसला खरंच नको. पण वरच्या भाजीबरोबर साधा मऊ भात म्हणून तो मला बासमतीपेक्षा आवडतो. चीन-जपानकडे जो भात चॉपस्टिकनं उचलून खातात तो असाच थोडा चिकट असतो, आणि सॉस इंद्रायणीत छान मुरतो.

फ्राइड राइस करायचा असेल तर जुना कोलम किंवा बासमती घ्या, मोकळा शिजवा, परातीत पसरून गार करा आणि झाकून फ्रिजमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी तो सुटा परततो. शिजलेला भात रात्रभर ओट्यावर ठेवू नका. भातात बॅसिलस सिरियस नावाचे जंतू वाढतात आणि त्यांचं विष पुन्हा गरम केल्यानंही जात नाही. ज्याचं आतडं आधीच दुखावलंय त्याला आणखी एक त्रास कशाला?

नूडल्सला तांदळाच्या नूडल्स. उकळत्या पाण्यात शिजवत बसू नका. गॅस बंद करून गरम पाण्यात पाच-सात मिनिटं बुडवा, मऊ पण तुटत नाहीत अशा झाल्या की निथळा आणि तेलाचं बोट लावा.

शेजवान, तिरफळ घालून

तयार चटणीच्या बाटलीत काय काय असतं हे वाचून दमले, तेव्हा मी ही घरी करायला लागले. आता आमच्याकडे डोशालाही हीच लागते. पंधरा ब्याडगी मिरच्या रंगाला आणि पाच संकेश्वरी तिखटाला, देठ आणि बिया काढून गरम पाण्यात अर्धा तास भिजवा आणि वाटा. तीन मोठे चमचे तेल मंद तापवून त्यात बारीक चिरलेला पंधरा-वीस पाकळ्या लसूण आणि दोन इंच आलं घाला. इथे आच मंदच, लसूण पिवळसर होईपर्यंत. वाटण घालून तेल सुटेपर्यंत परता, मग अर्धा कप पाणी, एक चमचा व्हिनेगर, एक चमचा गूळ आणि बेताचं मीठ घालून पाच मिनिटं शिजवा.

आता माझी आवडती गोष्ट. शेजवान हे नाव ज्यावरून आलं त्या चीनमधल्या सिचुआन प्रांतातल्या स्वयंपाकात जिभेला मुंग्या आणणारी एक मिरी असते. इथल्या गाडीवरच्या शेजवानमध्ये ती नसतेच. पण कोकणात बांगड्याच्या कालवणात आपण जे तिरफळ घालतो, ते त्याच कुळातलं झाड आहे. तीन-चार तिरफळं घ्या, आतली काळी बी काढून टाका, वरचं साल तव्यावर किंचित गरम करून भरडा आणि चटणी उतरवताना घाला. पहिल्या घासाला लिंबासारखा वास येतो आणि मग जीभ झिणझिणते. कोकणी वस्तू ठेवणाऱ्या दुकानांत तिरफळ मिळतं.

मंचुरियन आप्पेपात्रात

मुलाला खरी आठवण यायची ती मंचुरियनची. दोन वाट्या किसलेला कोबी आणि अर्धी वाटी गाजर मीठ लावून दहा मिनिटं ठेवा, घट्ट पिळा. पिळलेलं पाणी फेकू नका, ते वर सांगितलेल्या सॉसमध्ये जातं, मात्र मग सॉसमध्ये तामारी निम्मी घाला. किसात आलं-लसूण, मिरपूड, तीन चमचे तांदळाचं पीठ आणि दोन चमचे कॉर्नफ्लोअर घालून हलक्या हातानं गोळे करा. मळू नका, नाहीतर घट्ट होतात. आप्पेपात्राच्या प्रत्येक खळग्यात दोन-तीन थेंब तेल, झाकण ठेवून मंद आचेवर पाच मिनिटं, मग उलटून झाकण न ठेवता आणखी पाच. तळलेल्यासारखे टणक होत नाहीत, पण बाहेरून कुरकुरीत होतात. सॉस मात्र जेवायला बसल्यावरच घाला, आधी घातला तर विरघळतात. आप्पेपात्रात कधी रव्याचे आप्पे झाले असतील तर ते पात्रही यासाठी चालणार नाही.

कढई गार व्हायच्या आत गरम पाण्यानं आणि काथ्यानं घासा, गॅसवर कोरडी करा, तेलाचं बोट फिरवा. आमच्या कढईच्या कानाला मी लाल दोरा बांधलाय. घरात कुणीही आलं, सासूबाई असोत की सुट्टीत आलेली भाचरं, लाल दोऱ्याच्या कढईत पोळीचा तुकडाही टाकायचा नाही, हे सगळ्यांना माहीत आहे.